थबकरावांची पाठ

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकायला तयार नाहीत, त्यामुळे नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे, पण मनाने मी जमिनीवर पूर्ण आडवा आहे असं समजावं.) तुझी तब्येत कशी आहे? कंबर काय म्हणते? झोप लागते का? डॉक्टरांनी दिलेले थेंब तू डोळ्यांत घालतेस, की बाटली कपाटात ठेवून तिच्यावर नुसतं लक्ष ठेवतेस? या सर्व प्रश्नांना 'ठीक आहे' हे एकच उत्तर देण्याची तुझी पद्धत मला ठाऊक आहे, तेव्हा उत्तराची वाट न बघता पुढे जातो. इकडे सगळे सुखरूप आहेत. हिचा खोकला थांबला आणि माझा सुरू झाला, म्हणजे घरात एकूण खोकला होता तेवढाच आहे.

हे पत्र तुला सूनबाई वाचून दाखवणार हे उघड आहे. म्हणून ज्या कंसाची सुरुवात 'सूनबाई' अशी असेल, तो मजकूर फक्त तिच्यासाठी आहे. 'काय गं, मनातल्या मनात काय वाचलंस?' असं विचारून तिला धारेवर धरू नकोस. (सूनबाई, अनेक आशीर्वाद. ताई जेवून खुर्चीत नीट टेकून बसली की मगच वाचायला घे. भरभर वाचू नकोस. ती 'पुरे' म्हणाली तर 'आता थोडंच राहिलंय मामांचं' असं सांग, मग कितीही राहिलेलं असो.)

पत्र लिहिण्याचं कारण असं. मागे मी फोनवर ग्रंथालयातल्या थबकरावांचा विषय काढला तेव्हा तू म्हणालीस, "मी येऊन काय बघणार?" आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. त्यानंतर पुन्हा काढला, तेव्हा तर तेवढंही म्हणाली नाहीस. पत्राचं एक बरं असतं, ते लिहिणाऱ्याच्या कानावर आपटता येत नाही. तरी आधीच स्वच्छ सांगून ठेवतो, की हे पत्र तुला बोलावण्यासाठी नाही. तू नाही म्हणालीस, विषय संपला. तुझं चित्र हाती घेऊन आम्ही इकडे काय उद्योग करून ठेवले, ते चित्रकाराच्या कानावर घालणं माझं कर्तव्य आहे, म्हणून लिहितो.

थबकराव कोण हे तुला सांगायला नको. पण सूनबाई घरात आली तोवर मुलांचं ते मासिक बंद पडलं होतं, आणि तू काही स्वतःच्या तोंडाने सांगणारी नव्हेस. (सूनबाई, हा परिच्छेद तुझ्यासाठी असला तरी मोठ्याने वाचावा, मुद्दाम.) तुझ्या सासूबाईंनी उमेदीची सगळी वर्षं त्या मासिकाच्या शेवटच्या पानावर एक प्राणी काढला. प्राणी कोणता ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. गोल पोट, आखूड पाय, झुबकेदार मिशा, अंगात घोट्यापर्यंतचा कोट, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले आणि कमरेतून पुढे झुकलेला. सगळं गाव कुठेतरी धावत असायचं आणि हे गृहस्थ मध्येच थबकून काहीतरी बघत असायचे. मुंग्यांची रांग, कुणीतरी टाकलेला एकच बूट, रस्त्यात खणून ठेवलेला खड्डा. त्या बघण्यातूनच गोष्ट निघायची, आणि शेवटच्या चौकटीत मघाचे धावणारे सगळेच्या सगळे त्यांच्या शेजारी येऊन थबकलेले असायचे. लोक ते मासिक मागून पुढे वाचायचे. आमच्या ग्रंथालयात त्याचे जुने गठ्ठे आहेत, त्यांची शेवटची पानं इतकी हाताळलेली आहेत, की पहिली पानं त्यांच्या शेजारी कोरी वाटतात.

तर या ग्रंथालयाच्या बालविभागात ज्या ग्रंथपालबाई आहेत, त्यांनी मनात घेतलं की बालविभागाच्या दारात थबकराव उभे करायचे. तेही लाकडाचे नाहीत, दगडाचे नाहीत, मुलांच्या खेळण्यातल्या त्या प्लास्टिकच्या विटा असतात ना, वर गुंड्या असलेल्या, एकात एक बसणाऱ्या, त्यांचे. घरोघरची मुलं मोठी होऊन निघून गेली होती, पण त्यांच्या विटांची खोकी माळ्यावर तशीच होती. ती लोकांनी पोत्यांनी आणून टाकली. आणि विटांचं काम म्हटल्यावर सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. जन्मभर मी दुसरं केलंय काय? मी निवृत्त गवंडी आहे आणि शिवाय चित्रकाराचा सख्खा भाऊ, म्हणजे मला नाही म्हणायला दोन्हीकडून जागा नव्हती.

मी थापी, ओळंबा, गुण्या, लेव्हल आणि दोरीचं बंडल पिशवीत घालून गेलो. (विटा खेळण्यातल्या आहेत हे मला माहीत होतं, इतका काही मी भ्रमिष्ट झालेलो नाही, पण कामावर मोकळ्या हातांनी जायचं म्हणजे चप्पल न घालता बाहेर पडल्यासारखं वाटतं.) तिथे आणखी दोन कारागीर हजर होते. एक निवृत्त दाताचे डॉक्टर, आणि दुसरे ग्रंथालयासमोरच्या दुकानातले शिंपी. डॉक्टरांकडे चुकून बसलेल्या विटा उपटण्याचं काम होतं. त्या विटा एकदा घट्ट बसल्या की बोटांना दाद देत नाहीत. डॉक्टर आपला जुना चिमटा घेऊन येतात आणि वीट उपटण्याआधी सवयीने थबकरावांना म्हणतात, "जरासं दुखेल हं." शिंपीमामा कोटाचे जाणकार. त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की चित्रातल्या या कोटाचं कापड चांगलं आहे पण शिलाई कुणीतरी घाईत केलेली आहे. मी म्हणालो की ती माझ्या बहिणीने केलेली आहे. त्यावर ते म्हणाले, की मग हरकत नाही.

पहिल्याच दिवशी माझ्या हातून जे झालं ते सांगायला मला लाज वाटते, पण हकिकत म्हटल्यावर सगळं आलं. वीट कोरडी लावायची नसते, आधी भिजवायची असते, हे माझ्या हातांत इतकं भिनलेलं आहे की डोकं त्यात पडतच नाही. बाई आम्हाला चित्रं दाखवून समजावत होत्या, मी मान हलवत होतो, आणि माझ्या हातांनी त्या वेळात कोपऱ्यातली बादली भरून आणून तिच्यात पोतंभर विटा ओतल्या. सगळ्या तरंगल्या. वीट तरंगताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. बाईंनी टॉवेल आणून दिले, आणि पहिला दिवस आम्ही तिघं म्हातारे बालविभागातल्या बुटक्या खुर्च्यांवर बसून एकेक वीट पुसत होतो. एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी बुटांचे थर लावून झाल्यावर, निघता निघता, मी त्यांच्यावर पाणी मारलं. नव्या बांधकामावर संध्याकाळी पाणी मारल्याशिवाय मला घरी जाता येत नाही. शेजारच्या कपाटातली परीकथांची दोन पुस्तकं फुगली. तेव्हापासून बादली बाईंच्या टेबलाखाली असते आणि मी दारात शिरलो की त्यांचा पाय आपोआप तिच्याकडे सरकतो.

मग पोटाचं प्रकरण. चौकोनी विटांतून गोल पोट काढायचं म्हणजे प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित पुढे काढत न्यायचा आणि मधल्या घेरानंतर किंचित मागे. ते मला येतं, मी घुमट बांधलेले आहेत. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही हेही मी सगळ्यांना शिकवलं (शिंपीमामांना ते आधीच ठाऊक होतं, म्हणे कापडालाही तसंच असतं). माझं मन खात होतं ते एका गोष्टीने. या बांधकामात माल नाही. चुना नाही, सिमेंट नाही, काही म्हणजे काही नाही. नुसत्या गुंड्यांवर भरवसा ठेवून माणसाहून उंच काम उभं करायचं हे मला पटेना. बाई म्हणाल्या, "अहो, त्या एकमेकींना धरून राहतात." मी म्हणालो, एकमेकांना धरून राहणारे मी पुष्कळ पाहिलेत, खांदा लावल्याशिवाय खरं कळत नाही. भिंत झाली की मी तिला खांदा लावून बघतो, ही माझी कायमची पद्धत आहे. मी थबकरावांच्या पोटाला खांदा लावला.

ताई, भिंत पडते तेव्हा तिचा एक आवाज असतो, मला तो पाठ आहे. हा आवाज तसा नव्हता. पावसाळ्यात पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तो पडत राहिला, आणि संपेचना. पोट बालविभागभर पसरलं. खुर्च्यांखाली, कपाटांखाली, गोष्टींच्या पुस्तकांमागे. त्या खोलीत चपला बाहेर काढून यायचं असतं. दाताचे डॉक्टर मदतीला म्हणून धावले आणि तिसऱ्याच पावलाला त्यांनी जी किंकाळी फोडली, तिच्यात त्यांच्या सगळ्या जुन्या रोग्यांना न्याय मिळाला. आम्ही सगळे गुडघ्यांवर रांगत विटा गोळा करत होतो. बाईंनी मला एका शब्दानेही बोलून दाखवलं नाही, त्यामुळे मला जास्तच लागलं. मी कानाला खडा लावला. पोट पुन्हा बांधलं, आता आतून आडवे बंध घालून, आणि माझा खांदा माझ्यापाशीच ठेवला.

आता जे सांगतो ते मात्र गंभीर आहे. पोट झालं, छाती झाली, मिशा झाल्या (मिशांना तपकिरी विटा कमी पडल्या, शिंपीमामांनी काळ्या घालून त्या थोड्या तरुण केल्या आहेत), आणि मी लांब जाऊन बघितलं. काम ओळंब्यात होतं. रेषेत एका केसाचाही फरक नाही. मी समाधानाने पिशवी आवरायला घेतली, तेवढ्यात बाई समोर येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ बघत राहिल्या, आणि हळूच म्हणाल्या, "काम फार सुबक आहे. पण हे थबकराव नाहीत. हे कुणीतरी तपासणीला आलेले साहेब आहेत."

मी बघितलं. खरं होतं. जन्मभर मी भिंत सरळ उभी करत आलो आणि सवयीने तुझ्या थबकरावांनाही सरळ उभं केलं होतं. तू त्यांना झुकवलं होतंस. ते झुकणं गेल्याबरोबर सगळंच गेलं होतं. ते कशाकडेच बघत नव्हते. मी घरी येऊन जेवलो नाही. ही विचारत होती काय झालं म्हणून, मी सांगितलं, की मला वाकडं बांधायला शिकायचं आहे. ती म्हणाली, त्यात काय शिकायचं, आपल्या मोरीची भिंत तुम्हीच बांधलीत ना.

तर कमरेपासून वरचं सगळं उतरवलं आणि पुन्हा चढवलं, प्रत्येक थर हिशेबाने पुढे. ओळंबा मी पिशवीत घालून बाजूला ठेवला. त्याच्याकडे बघवत नव्हतं. झुकलेलं काम बांधायचं तर पुढे जेवढा भार जातो तेवढा मागे द्यावा लागतो, नाहीतर गडी तोंडावर येणार. म्हणजे थबकरावांच्या पाठीमागे वजन हवं. आणि तिथेच आमची सगळ्यांची गाडी अडली, कारण पाठीमागे काय आहे हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनी गठ्ठे सोडले. आम्ही चौघांनी सगळी वर्षं चाळली. समोरून थबकराव आहेत, डावीकडून आहेत, उजवीकडून आहेत, एकदा तर खड्ड्यातल्या बेडकाला दिसतील तसे खालूनही आहेत. पाठीमागून एकदाही नाहीत. इतक्या वर्षांत तू त्यांना एकदाही वळू दिलं नाहीस.

मग तोंडं सुटली. शेपूट आहे की नाही, आणि असेल तर आखूड की लांब? डॉक्टरांचं म्हणणं, मला दात दाखवा, मी प्राणी कोणता ते सांगतो आणि मग शेपटीचं ओघाने ठरेल. पण थबकरावांनी कधी तोंडच उघडलेलं नाही. शिंपीमामा म्हणाले की कोटाला मागे काप असल्याशिवाय शेपूट बाहेर येणार नाही, आणि असा कोट इतका झुकून घालणाऱ्या माणसाला काप हा लागतोच. डॉक्टर म्हणाले, पण ते माणूस आहेत कुठे. दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. ग्रंथालयात येणाऱ्या मुलांना शेपटीचं काही देणंघेणं नव्हतं. ती येऊन एकच विचारायची: त्यांच्या हातांत काय आहे? जो येईल तो अर्धवट थबकरावांना वळसा घालून मागे जायचा आणि तिथे काहीच नाही बघून आमच्याकडे असा बघायचा, जणू आम्ही काहीतरी लपवून ठेवलं आहे.

बाईंनी मला विचारलं, की तुमच्या ताईंनी कधी काही सांगितलं होतं का. मी म्हणालो, नाही. सांगितलं नव्हतंस हे खरंच आहे. पण ताई, ते झुकलेले खांदे मी पुन्हा बांधत होतो तेव्हा माझ्या हातांना कळलं की हे मी आधी पाहिलेलं आहे. अण्णा छापखान्यातून घरी यायचे आणि दारातच उभे राहायचे. चप्पलही काढायचे नाहीत. दोन्ही हात पाठीमागे, मान खाली, पुढे झुकलेले, आणि आपल्या दोघांना विचारायचे, "कोणता?" कधी पेपरमिंटची गोळी असायची, कधी लाल-निळ्या पेन्सिलीचं थोटूक, कधी टाकून दिलेलं झिजलेलं छापायचं अक्षर. तू डावा म्हणालीस की डाव्यात निघायचं, उजवा म्हणालीस की उजव्यात. मी जो म्हणेन तो रिकामा. किती वर्षं मी मनाशी धरून होतो, की ताईला अण्णांच्या अंगातून आरपार पलीकडचं दिसतं. पेन्सिलीचं थोटूक मिळालं की तू तिथेच उंबऱ्यात बसून काढायला लागायचीस, आणि मी पेपरमिंटचा वाटा मागत तुझ्या पाठीमागे उभा असायचो.

मला तू रागावशील, पण लिहितो. डोळ्यांच्या मधोमध धुकं आलं आणि कडेकडेचा उजेड तेवढा उरला, हे तू मला सांगितलंस तेव्हा मी फोनवर 'असं का' एवढंच म्हणालो. माझं काम भिंती बांधायचं, बोलायचं नाही. तू ब्रश धुऊन ठेवलेस, रंग वाटून टाकलेस, तेही मी ऐकून घेतलं. पण जिला अण्णांच्या पाठीमागचं दिसायचं, ती 'मी येऊन काय बघणार' म्हणते, हे मला सहन होत नाही. मी परवा दुपारी बालविभाग रिकामा असताना डोळे मिटले आणि थबकरावांवरून हात फिरवला. मिशीचं टोक लागलं, कोटाची कड लागली, पोटाचा घेर लागला, खांद्याचा उतार लागला. ताई, तुझी रेषा हाताला लागते. मी बांधलेलं काम असून मला तिथे तुझाच हात लागत होता. डोळे उघडले तेव्हा बाई दारात उभ्या होत्या आणि मला नाक पुसावं लागलं. सर्दी आहेच म्हणा.

(सूनबाई, इथे थांब आणि तिला पाणी दे. तिने 'पाणी नको' म्हटलं तरी दे.)

असो. विषय लांबला. थोडक्यात काय, की काम उत्तम झालं आहे, सगळे खूश आहेत, शेपटीचं काहीतरी ठरेल, आणि थबकराव बालविभागाच्या दारात स्वतःच्या पायांवर दिमाखात उभे आहेत. उद्घाटनाच्या समारंभाला मोठी माणसं बोलावलेली नाहीत, मुलंच येतील. ग्रंथालयाच्या नियमाप्रमाणे शेजारी 'हात लावू नये' अशी पाटी आली होती, ती मी उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली आहे. कारण विचारू नकोस. तू आली नाहीस तरी काही अडणार नाही. तब्येतीला जप. थेंब घाल. हिचा तुला नमस्कार, सूनबाईला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. वर जे लिहिलं आहे की थबकराव स्वतःच्या पायांवर उभे आहेत, ते खरं नाही. त्यांच्या छातीला पुढून बाईंचं लोखंडी स्टूल टेकवलेलं आहे, आणि स्टुलावर विश्वकोशाचे दोन खंड आहेत. पाठ अजून उघडी आहे. मागून बघितलं तर आतले बंध दिसतात. पाठीवर भार चढल्याशिवाय स्टूल काढता येत नाही, आणि पाठ कशी आहे हे आमच्यापैकी कुणीही ठरवणार नाही असं आम्ही चौघांनी ठरवलं आहे. डॉक्टर आणि शिंपीमामा यांचं या एकाच गोष्टीवर एकमत झालं. समारंभाचा दिवसही म्हणून ठरलेला नाही. बाई म्हणाल्या, "त्या येतील तो दिवस." तू उभी राहून बोटाने सांगायचं, इथे भर, इथे उतार दे, शेपूट आहे, नाही. मी बांधत जाईन, तू हात फिरवून बघ. वाकडं झालं तर उतरवू. डॉक्टर चिमटा घेऊन बसलेलेच आहेत.

ता. ता. क. (सूनबाई, हे अजिबात वाचू नकोस. तिच्या बॅगेत दोन सुती साड्या, थेंबांची बाटली आणि ती जाड शाल गुपचूप भरून ठेव. आमच्याकडे खालच्या मजल्यावरची खोली आवरलेली आहे, जिना चढावा लागणार नाही. ती 'बघू' म्हणाली की आलीच असं समज. 'नाही' म्हणाली तर पुढचं ता. क. वाच. आणि 'बघू' म्हणाली तरी वाच.)

आणखी एक. थबकरावांचे हात मी वेगळे बांधून तयार ठेवले आहेत. दोन्ही मुठी मिटलेल्या आहेत, आणि एकीत मी काहीतरी ठेवलं आहे. कोणत्या, ते बाईंना माहीत नाही, डॉक्टरांना नाही, तुझ्या वहिनीलाही नाही. सूनबाईलाही नाही, तेव्हा तिच्या आवाजावरून ओळखायला जाऊ नकोस. आपल्या लहानपणी दर वेळी मी समोर उभा राहून हरलो. या खेपेला पाठीमागे मी आहे. ये, आणि हाताने चाचपून सांग.

कोणता?